वासरू आईपाशी ठेवून दूध घालायचं कसं: नव्या गोठ्यासाठी पायऱ्या

लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव भागात बरीच तरुण मंडळी आता शेतीला जोड म्हणून दोन-चार गाई घेतात. गाय व्याली की पहिल्याच दिवशी पेच पडतो. एचएफ (होल्स्टीन) गाईंचा मोठा गोठा असलेला सांगतो, चीक पाजा आणि वासरू लगेच तोडा, लळा लागला की गाय दूध चोरते. गावातले जुने लोक सांगतात, वासराशिवाय गाय सडाला हात लावू देणार नाही. दोघांचंही आपापल्या जनावरापुरतं खरं असतं, पण नव्या माणसाला त्यातून काही उमगत नाही. मी गावरान देवणी, संकरित गाई आणि म्हशी अशा तिन्हींची वासरं आईपाशी ठेवून डेअरीला दूध घालतो. कशाच्या आधी काय करायचं आणि कुठं फसायला होतं, ते क्रमानं सांगतो.

आधी एक नीट समजून घ्या. ‘आम्ही तर वासराला पाजतोच’ असं आपल्याकडं प्रत्येकजण म्हणतो. प्रत्यक्षात वासरू पान्ह्यापुरतं सोडतात, दोन-चार घोट घेतले की दावं ओढून खुंट्याला बांधतात आणि धार संपली की रिकाम्या कासेला पुन्हा लावतात. त्याला पाजणं म्हणत नाहीत. पोट खपाटीला गेलेली, केस राठ झालेली, माती चाटणारी वासरं त्यातूनच तयार होतात. इथं सांगतोय त्या पद्धतीत वासराचा वाटा आधी ठरतो, डेअरीचा नंतर.

नॉर्वे, जर्मनी, स्कॉटलंडमध्येही काही दूधवाले शेतकरी आता वासरं आईजवळ ठेवू लागलेत. २०२३ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी शिफारस केली, की वासरू निदान पहिला एक दिवस तरी आईजवळ राहावं आणि पुढं हा काळ वाढवत न्यावा. आपल्या देवणी आणि लाल कंधारी या गावरान गाईंचं तर वासराशिवाय कधी चाललंच नाही.

काय-काय हाताशी ठेवायचं

- विण्यासाठी कोरडी, न घसरणारी जागा, साधारण १० बाय १२ फूट. खाली सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट.
- वासरासाठी आईच्या शेजारी कप्पा. बांबू, लोखंडी पाइप, काहीही चालेल. आईला वासरू दिसावं, चाटता यावं, पण वासराचं तोंड कासेला पोहोचू नये.
- टिंक्चर आयोडीन, स्वच्छ दोरा, नवं ब्लेड, रबरी हातमोजे.
- रबरी निपल असलेली पाजायची बाटली. वासरू अशक्त निघालं तर ऐन वेळी तालुक्याला पळावं लागत नाही.
- शिंप्याकडं असते ती मोजपट्टी आणि एक वही.
- कागदपत्रं: गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, लसीकरणाची नोंद, विकत घेतली असेल तर बाजाराची पावती, विमा असेल तर पॉलिसी. वासराला बिल्ला मारला की तोही नंबर वहीत उतरवा.
- गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि फिरत्या पथकाचा १९६२.

१. जनावर ओळखा आणि हिशेब मांडा

देवणी किंवा लाल कंधारी दिवसाला दोन ते पाच-सहा लिटर देते. तिच्या कासेत दूध साठवायची पोकळी लहान असते. बहुतेक दूध वर ग्रंथींतच राहतं आणि वासरानं तोंड लावल्यावर खाली उतरतं. म्हणून ती वासराशिवाय पान्हवत नाही. एचएफ किंवा जर्सी संकरित गाईची पोकळी मोठी असते, ती नुसत्या कास धुण्यानंही पान्हा सोडते. म्हशीचीही पोकळी लहानच, ती पारडावर अवलंबून आणि पान्हवायला सावकाश.

आता १२ लिटरच्या संकरित गाईचा हिशेब घ्या. पोटभर पाजलं तर महिन्याभराचं वासरू ५-६ लिटर सहज पितं. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण बाटलीवर वाढवायचं म्हटलं तरी त्याला ३-४ लिटर द्यावेच लागतात, म्हणजे खरा फरक साधारण दोन लिटरचा. त्यातून बाटल्या धुणं, दूध कोमट करणं, माणसाचा वेळ आणि हगवणीची औषधं वजा करा. हा वाढीव वाटाही पहिले तीन-साडेतीन महिनेच असतो.

देवणीचं गणित वेगळं. तिथं वासराचा वाटा निम्म्यापर्यंत जाईल. देवणीवर दुधाचा धंदा होत नाही, वासराचा होतो. धष्टपुष्ट गोऱ्ह्याला किंवा चांगल्या कालवडीला जो भाव येतो त्याच्यापुढं ते दूध काहीच नाही.

कर्जाचा हप्ता दुधाच्या पगारातून जात असेल तर सगळ्या गाईंवर एकदम सुरू करू नका. एका गाईवर एक वेत बघा. जिला वरचेवर दगडी (कासेची सूज) होते किंवा जी आधी गाभडली आहे, तिचं वासरू तपासणी होईपर्यंत या पद्धतीत घेऊ नका. ब्रुसेला (गाभडवणारा रोग), क्षय आणि जोन्स (आतड्यांचा जुनाट रोग) हे रोग आईकडून वासरात येऊ शकतात. तपासण्यांसाठी उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारता येतं, सुरुवात मात्र गावच्या डॉक्टरपासून करा.

बाजारातली फसगत: ताजी व्यालेली गाय घेताना वासरू तिचंच आहे का ते बघा. दुसऱ्याचं वासरू दाव्याला लावून उभी केलेली गाय घरी आल्यावर त्याला लाथ मारते आणि दूधही देत नाही. बाजारात वासरू मोकळं सोडायला लावा. आपलं असेल तर गाय वळून शेपटीखाली हुंगते आणि चाटू लागते.

२. विण्याआधीचे दोन महिने

गाय विण्याच्या ६० दिवस आधी आटवा. आटवली नाही तर कासेला विश्रांती मिळत नाही आणि चीकही पातळ येतो. या काळात खनिज मिश्रण चालू ठेवा. चारही सड दाबून बघा. एखादा सड बंद किंवा कडक असेल तर आताच डॉक्टरला दाखवा, कारण वासरू नेमकं त्याच सडाला धडका देत बसलं तर उपाशी राहील.

३. पहिले चोवीस तास

सगळ्या लेखातला हाच भाग दोनदा वाचा. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची ताकद थोडीफार पोटातच मिळते. वासराला ती मिळत नाही, सगळी चिकातून येते. ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमताही तासातासाला घटत जाते आणि २४ तासांनी जवळपास संपते. म्हणून पहिला चीक जन्मल्यापासून तासा-दोन तासांत पोटात जायला हवा. दिवसभरात वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर.

जन्मल्यावर नाका-तोंडातला चिकटा पुसा आणि वासरू आईच्या पुढ्यात ठेवा. तिला चाटू द्या. चाटण्यानं वासराचं अंग वाळतं, रक्त खेळतं आणि आईला त्याचा वास ओळखीचा होतो. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून दोऱ्यानं बांधा, खालून कापा, टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पुन्हा लावा.

वासरू अर्ध्या-पाऊण तासात उठायची धडपड करतं. पडतं, परत उठतं, आईच्या पुढच्या पायांतच सड शोधतं. पडू द्या, घाई करू नका. मात्र दोन तास होऊनही सड धरला नाही तर हात घालावा लागतो. सडाच्या टोकाचा बूच दोन धारा काढून मोकळा करा, चिकानं भिजलेलं बोट वासराच्या तोंडात द्या आणि ते चोखायला लागलं की तसंच सडावर आणा. मागचे सड लोंबते असतील तर पुढच्यापासून सुरुवात करा. तोंड गार लागलं किंवा चोखायला जोर नसेल तर वाट न बघता चीक काढून बाटलीनं पाजा आणि डॉक्टरला बोलवा.

इथं तीन ठिकाणी चूक होते.

जार (वार) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत आपल्याकडं घट्ट बसली आहे. उलट वासरू चोखतं तेव्हा गाईच्या अंगात जे संप्रेरक सुटतं त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते. जार १२ तासांत पडला नाही तर डॉक्टर बोलवा, ओढू नका. वासराचं पाजणं त्यासाठी थांबवू नका.

दुसरी चूक खरवसाची. घरात, शेजारीपाजारी, पाहुण्यांत चीक वाटायची आपली रीत चांगली आहे, पण पहिल्या दिवसाचा चीक वासराचा. त्याचं पोट भरल्यावर दुसऱ्या दिवशी उरेल तो खरवसाला घ्या.

तिसरी चूक, जास्त दुधाच्या गाईची कास पहिल्याच दिवशी पूर्ण रिकामी करणं. अंगातलं कॅल्शियम एकदम उतरून गाय खाली बसते. पहिले दोन-तीन दिवस कासेतला ताण कमी होईल एवढंच काढा.

४. पहिले आठ-दहा दिवस

आई आणि वासरू दिवसरात्र एकत्र. वासरू दिवसातून पाच-सहा वेळा थोडं-थोडं पितं. मान वर करून चोखताना त्याच्या घशापुढं एक पन्हळ तयार होते आणि दूध सरळ चौथ्या पोटात जातं. बादलीत तोंड बुडवून घटाघटा प्यायलेलं दूध कधी कधी चुकीच्या पोटात उतरून आंबतं. आईपाशी असलेल्या वासराला हा त्रास सहसा होत नाही.

देवणीला या दिवसांत हात लावायची गरज नाही. संकरित गाईचं दूध वासराच्या आवाक्याबाहेर असतं, तिची दोन वेळा धार काढावी लागेल, नाहीतर कास दगडावाणी होते. काढताना चारही सडांतून काढा. वासराला एखादा सड आवडतो आणि बाकीचे ते धरत नाही, त्या राहिलेल्या सडांत दगडी सुरू होते.

५. रात्री वेगळं, दिवसा सोबत

दहा दिवसांनी हे वेळापत्रक बसवा. वेळा तुमच्या डेअरीच्या गाडीप्रमाणं बदला, पण एकदा ठरल्या की रोज त्याच पाळा.

- रात्री ८ वाजता वासरू शेजारच्या कप्प्यात. त्याआधी पोटभर प्यालेलं असावं.
- पहाटे साडेपाचला कास कोमट पाण्यानं धुवा, पुसा, गाईपुढं आंबोण (भिजवलेला खुराक) ठेवा. वासरू सोडा.
- पान्हा आला की वासरू आईच्या तोंडापुढं बांधा आणि धार काढा.
- धार झाली की वासरू मोकळं. दिवसभर दोघं सोबत.

देवणीला एवढी एकच धार पुरे. ८ लिटरच्या वर असलेल्या गाईचं वासरू दुपारी १ वाजता पुन्हा कप्प्यात घ्या, संध्याकाळी ६ ला दुसरी धार काढा आणि मग ८ पर्यंत परत सोबत सोडा.

पान्हा ओळखायला शिका. वासरू आधी कोरडंच चोखतं, कासेला डोक्यानं ढुशा देतं, सड बदलतं. मिनिटभरात सड ताठ आणि चकचकीत होतात, वासराच्या ओठांच्या कडेला पांढरा फेस येतो, शेपटी जोरात हलायला लागते आणि गिळण्याचा आवाज ऐकू येतो. हाच क्षण. याच्याआधी ओढलं तर गाय दूध वर धरते. उशीर केला तर तुमची बादली रिकामी. पान्ह्याचा जोर काही मिनिटंच टिकतो, म्हणून बादली, टॉवेल, दावं सगळं आधीच हाताशी पाहिजे. सालगडी धार काढत असेल तर त्यालाच रोज बसू द्या. गाय हात ओळखते.

आता पैशाचा मुद्दा. कासेतल्या पहिल्या धारेत फॅट सगळ्यात कमी आणि शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त असते. वासरू मागं आहे म्हणून तुम्ही अर्धवट धार सोडून दिली, तर लोणी वासराच्या पोटात आणि पातळ दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) धरून ठरतो, त्याखाली पॉइंटमागं पैसे कापतात. ‘वासराला पाजल्यानं दूध पातळ होतं’ असं लोक म्हणतात ते यामुळं. उपाय सोपा आहे: तीन सड शेवटच्या धारेपर्यंत निपटून काढा आणि चौथा अख्खा वासराला सोडा. सड रोज बदला, म्हणजे एकाच बाजूची कास ओढली जात नाही.

उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोघांनाही पत्र्याखाली ठेवू नका. कडुनिंबाची किंवा बाभळीची सावली पत्र्यापेक्षा कितीतरी बरी. वासरू दुधावर असलं तरी त्याला दुसऱ्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी वेगळ्या घमेल्यात लागतंच.

६. कास सांभाळा

वासरू कास पूर्ण मोकळी करतं, त्यामुळं दगडी कमी होते, हा फायदा खरा आहे. तो टिकवायचा तर धार किंवा पाजणं संपल्यावर गाय लगेच शेणात बसता कामा नये. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. पुढ्यात कडबा टाका, ती खात उभी राहते. सडाला वासराच्या दातानं चीर पडली असेल तर त्या सडाला दोन दिवस आराम द्या आणि त्यातलं दूध हातानं काढा.

गाईला दगडीसाठी प्रतिजैविकाची सुई चालू असेल तर ते दूध डेअरीला घालता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ते वासरालाही पाजू नका. तेवढे दिवस दुसऱ्या गाईचं द्या. लम्पीची गाठ किंवा ताप दिसला तर वासरू लगेच वेगळं करा आणि दूध उकळून, कोमट करून पाजा. २०२२ च्या साथीत लहान वासरं फार दगावली.

७. वासराच्या पोटाकडं लक्ष

आई पाजते म्हणून आपलं काम संपत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा आणि कोवळा हिरवा चारा पुढ्यात ठेवा. आईबरोबर असलेलं वासरू तिचं बघून लवकर रवंथ करायला लागतं. तीन महिन्यांचं झाल्यावर ते रोज किलोभर खुराक खायला हवं, तरच दूध तोडता येईल.

जंताचं औषध पहिल्यांदा दहाव्या ते चौदाव्या दिवशी, पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मात्रा डॉक्टरला विचारून. म्हशीच्या पारडाला तर हे चुकवूच नका. गोलकृमीच्या अळ्या आईच्या दुधातूनच पारडात जातात. राखाडी, मातीसारखं, घाण वासाचं शेण दिसलं की समजा. पारडं मरण्याचं हे मोठं कारण आहे, आणि ‘म्हशीचं दूध जड पडलं’ म्हणून लोक त्याचं दूधच तोडतात.

पोटभर पिणाऱ्या वासराचं शेण पिवळं आणि थोडं सैल असतंच. ते उड्या मारत असेल तर घाबरू नका. शेण पाण्यासारखं, डोळे खोल, कान पडलेले, नाकपुडी गार अशी लक्षणं असतील तर ती हगवण. दूध बंद करू नका. दोन पाजण्यांच्या मध्ये डॉक्टरनं दिलेलं क्षार-साखरेचं पाणी पाजा.

पंधरा दिवसांनी छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०, म्हणजे अंदाजे किलोत वजन. संकरित वासरू रोज ४००-५०० ग्रॅमनं वाढायला हवं. वाढत नसेल तर त्याचा वाटा कुणीतरी काढतंय किंवा पोटात जंत आहेत. कालवड ४ ते ८ महिन्यांची असताना ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. गोऱ्ह्याला ती देत नाहीत.

८. दोन गोष्टी ज्या कुणी आधी सांगत नाही

वासरू मेलं तर काय? देवणी आणि म्हैस हटून बसते. पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून पुढं उभं करायचे. काही जण पान्ह्याचं इंजेक्शन टोचतात. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं काहीही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. दुसरं अनाथ वासरू लावून बघा: गाईचंच दूध आणि मीठ त्याच्या पाठीला चोळा, तिला चाटू द्या, पहिले काही दिवस पाजताना गाईपाशी उभे राहा. नाहीच जमलं तर ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, पुढ्यात आंबोण आणि कोमट पाण्यानं कास चोळणं, यानंही बऱ्याच गाई आठ-पंधरा दिवसांत उतरतात.

दुसरं, गोऱ्हा. एचएफचा गोऱ्हा झाला की त्याचं दूध तोडून उपाशी मारणारे गोठे मी बघितलेत. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, कत्तलीसाठी विकता येत नाही म्हणून भुकेनं मारायचा, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. नको असेल तर आधीच विचार करा. कालवडीच होणारी रेतमात्रा मिळते, साधारण दहातल्या नऊ वेळा कालवड होते. देवणी आणि लाल कंधारीच्या गोऱ्ह्याला मात्र दोन महिने जास्त पाजा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत माणसं आधी पाठ आणि पुठ्ठे बघतात, आणि ते दुधावरच भरतात.

९. तोडणं

एका दिवसात तोडलं तर गाय हंबरून हंबरून चारा सोडते, दूध निम्म्यावर येतं आणि वासराचं वजन उतरतं. तीन-साडेतीन महिन्यांनंतर, खुराक किलोभर झाला की सुरू करा.

पहिला आठवडा दिवसाची सोबत बंद, फक्त दोन्ही धारांनंतर अर्धा तास पाजा. दुसरा आठवडा फक्त सकाळी. तिसऱ्या आठवड्यात पाजणं बंद, पण वासरू शेजारच्या कप्प्यातच राहू द्या, म्हणजे हुंगणं-चाटणं चालू राहतं. दूध आणि आई दोन्ही एकाच दिवशी तोडू नका. देवणीला मात्र पुढंही धारेच्या वेळी पान्ह्यापुरतं सोडावं लागेल, ती वासराशिवाय सहसा आटते.

मोकळ्या चरणाऱ्या जनावरांत वासरू चोरून पितं. त्यासाठी काटेरी मुसकं मिळतं. ते टोचतं म्हणून आई लाथ मारते. बांधण्याआधी काटे हातानं दाबून बघा, फार तीक्ष्ण असतील तर घासा, आणि रोज संध्याकाळी काढून नाकाखालची कातडी तपासा. नाकात अडकवायची प्लास्टिकची पट्टी मिळाली तर ती जास्त बरी, तिनं वासराला चरता येतं, पाणी पिता येतं आणि सड तेवढा धरता येत नाही. ती आठवड्याभरानं काढा. काढल्यावर दोन दिवस धारेच्या आधी कास बघत राहा. एका बाजूची सैल लागली, की वासरू परत प्यायला लागलंय.